दातांमधल्या काळ्या फटीसाठी हिरडीत फिलर घ्यायचा विचार करताय? आधी हे वाचा

समोरच्या दोन दातांच्या मध्ये, हिरडीला लागून, काळा ठिपका दिसायला लागला तेव्हा मला वाटलं तीळ अडकलाय. संक्रांत नुकतीच झाली होती, लाडू खाल्ले होते, म्हणून दोन-तीन दिवस टूथपिकने कोरत राहिले. तीळबीळ काही नव्हतं, तिथली हिरडीच गेली होती. दोन दातांच्या मध्ये हिरडीचं जे छोटं टोक असतं ना, ते बसलं की मागचा तोंडातला अंधार त्रिकोणासारखा दिसतो, डेंटिस्ट त्याला ब्लॅक ट्रँगल म्हणतात. मग मेथीची भाजी अडकते, शेंगदाण्याचं कूट अडकतं, फोटोत तोंड मिटूनच हसायची सवय लागते.

मी पुण्यात राहते, कोथरूडला. अलायनर, म्हणजे दात सरळ करायचे पारदर्शक साचे, संपल्यावर मला ही फट दिसली आणि पुढचं जवळपास एक वर्ष मी ती फिलरने, म्हणजे सुईने हिरडीत जेल सोडून, भरण्यात घालवलं, त्यातले पहिले तीन महिने तर चुकीच्या दारात. आता ओळखीतलं कुणी विचारलं की मी तेच तेच फोनवर सांगत बसते, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

१. आधी फट का पडली ते शोधा

हीच पायरी सगळे गाळतात. मी पण गाळली होती. एका क्लिनिकमध्ये गेले, खुर्चीत बसून पाच मिनिटं पण झाली नसतील तर "फिलर टाकू, लगेच भरेल" असं सांगून टाकलं, एक्सरे नाही, हिरडीत माप घेणं नाही, काही नाही. मी ॲडव्हान्स भरून आले आणि घरी आल्यावर विचार करायला लागले की हिरडी गेली का तेच कुणी सांगितलं नाही मला.

कारणं बरीच असतात. हिरड्यांचा आजार असला की आतलं हाड झिजतं आणि हाडाच्या मागोमाग हिरडी जाते. दात वाकडे, एकमेकांवर चढलेले असतात आणि अलायनर किंवा ब्रेसेसने सरळ केले की आधी झाकलेली जागा उघडी पडते. काहींच्या दातांचा आकारच त्रिकोणी असतो, खाली रुंद आणि हिरडीपाशी निमुळता, मग दोन दात फक्त टोकापाशीच टेकतात. जोरजोरात घासणं, टूथपिकने रोज कोरणं, नीट न बसलेली कॅप, ही पण कारणं आहेत. आणि आपल्याकडे मशेरी. माझी आत्या वर्षानुवर्षं मशेरी लावायची, तिच्या हिरड्या बघितल्यावर मला वेगळं काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

अजून एक, डीप क्लिनिंग, म्हणजे हिरडीच्या आतली सफाई, झाल्यावर सुजलेली हिरडी बसते आणि मग फट दिसते, लोक म्हणतात डॉक्टरांनी दात घासून गॅप पाडला. तसं नसतं हो, सुजेने झाकलेली जागा सूज उतरल्यावर दिसायला लागते.

कारण का कळायला हवं, तर हाड शाबूत असेल तर फिलरला टेकायला आधार असतो. हाडच खाली गेलं असेल तर फिलर ते परत आणत नाही. ते फक्त उरलेली हिरडी आतून फुगवतं. हे एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

२. कुणाकडे जायचं

पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांचे डॉक्टर. बीडीएसच्या पुढे पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस केलेले. बोर्डवर "कॉस्मेटिक", "स्माईल डिझाईन" असं काहीही लिहिलेलं असतं, तुम्ही डिग्री कशात आहे ते विचारा आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर बघा. विचारायला संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागवत नाहीत. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी "इंजेक्शनवाली ताई" येते तिथे चुकूनही नको.

खाजगी क्लिनिकवर लगेच विश्वास बसत नसेल तर पुण्यात डेंटल कॉलेजेस आहेत, भारती विद्यापीठ धनकवडीला, सिंहगड वडगाव बुद्रुकला, रंगूनवाला कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये, डी. वाय. पाटील पिंपरीला. सगळीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. फिलर तिथे करतात का हे आधी फोन करून विचारा, पण तपासणी आणि दुसरं मत घ्यायला कॉलेज फार चांगलं, वेळ हातात ठेवून जा.

३. जाताना सोबत काय न्यायचं

- जुने एक्सरे असतील ते सगळे, ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, असेल तर तो नक्की. अलायनर केलं असेल तर आधीचे आणि नंतरचे फोटो पण.
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या ठळक लिहा, आणि स्वतःच्या मनाने बंद अजिबात करू नका, ते हृदयाचे डॉक्टर आणि हिरड्यांचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.
- डायबेटिस असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट. साखर वाढलेली असताना हिरड्या भरून यायला वेळ लागतो.
- कशाची ॲलर्जी आहे, आधी भूल दिल्यावर त्रास झालाय का, ओठावर वारंवार पाणीदार फोड येतात का, चेहऱ्यावर आधी कुठे फिलर घेतलंय का. हे घरीच कागदावर लिहून न्या, खुर्चीत बसल्यावर आठवत नाही.
- गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर सांगा, तेव्हा हे करत नाहीत, नंतर करता येतं.
- मोबाईलमध्ये स्वतःचे तीन फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून, खिडकीच्या उजेडात. हे पुढे खूप कामाला येतात.

४. पाच मिलिमीटरचं माप

आता जरा नीट वाचा, कारण सगळा निकाल इथे लागतो.

दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तो बिंदू, आणि त्याच्या सरळ रेषेत आतल्या हाडाचं टोक, या दोन्हींमधलं अंतर मोजतात. १९९२ साली अमेरिकेत डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं होतं. अंतर ५ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर मधली हिरडी जवळपास सगळ्यांचीच पूर्ण भरलेली होती, ६ मिमीला ५६ टक्के आणि ७ मिमीला फक्त २७ टक्के. म्हणजे एकेका मिलिमीटरला चित्र बदलतं.

माझ्या डॉक्टर मॅडमनी छोटा एक्सरे काढला, मग थोडी भूल देऊन बारीक रेघा असलेली सळई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत नेली. दुखलं नाही, पण टेकल्याचं कळतं, टक् असं. मधल्या दोन दातांत ५ मिमी आलं. उजवीकडे, सुळ्याच्या अलीकडच्या दाताजवळ ७. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मधल्या फटीसाठी प्रयत्न करू. बाजूच्या फटीला फिलरने फरक पडेल असं मी तुम्हाला सांगणार नाही." त्या एका "नाही"मुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तुमच्याकडे पण हे माप फाईलमध्ये लिहून घ्या, प्रत्येक फटीचं वेगळं. मापाशिवाय कुणी "शंभर टक्के भरेल" म्हणालं तर उठून या.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असलेल्यांसाठी वेगळं सांगते. इम्प्लांटवरच्या कॅपशेजारी फट असेल तर आशा अजून कमी ठेवा, २०१७ साली छापून आलेल्या एका तुलनात्मक चाचणीत तिथे फिलरचा म्हणावा असा फायदा दिसला नव्हता.

५. हिरड्या आधी बऱ्या करा

रक्त येणाऱ्या, सुजलेल्या हिरडीत फिलर टाकायचं नसतं. साधा हिशोब आहे, आत जंतू असताना वरून सुई घातली तर इन्फेक्शन आत जाणार. हिरडी आणि दात यामधली खोली १ ते ३ मिमी असली तर ठीक, ४ च्या पुढे गेली की आधी तिचा इलाज. मला आधी स्केलिंग आणि दोन ठिकाणी डीप क्लिनिंग करावं लागलं, मग सहा आठवडे थांबून परत माप. थांबायचा कंटाळा येतो, लग्नसराई असते, फोटो असतात, सगळं मान्य. तरी थांबा. त्या सहा आठवड्यांत माझी फट आधी थोडी मोठी दिसायला लागली कारण सूज गेली, मी घाबरून फोन केला होता, ते अपेक्षितच होतं.

सिगरेट, तंबाखू, गुटखा, मशेरी चालू असेल तर ते बंद केल्याशिवाय पैसे घालू नका.

६. फिलर म्हणजे नक्की काय, आणि बॉक्स कसा बघायचा

वापरतात ते हायल्युरॉनिक ॲसिड. नाव ॲसिड असलं तरी जाळणारं काही नाही, आपल्या कातडीत, सांध्यात, डोळ्यात असतंच ते, १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून घट्ट जेल केलेलं असतं म्हणून ते लगेच विरघळत नाही, काही महिने टिकतं.

मेडिकलमध्ये हिरड्यांना लावायचं ०.२ टक्क्याचं हायल्युरॉनिक जेल पण मिळतं. ते वेगळं, ते वरून लावून जखम लवकर भरायला मदत म्हणून असतं, त्याने फट भरत नाही. माझ्या मैत्रिणीने दोन ट्यूब आणल्या होत्या.

एक गोष्ट डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवी, नाही सांगितली तर तुम्ही विचारा: ही फिलर कंपन्यांनी चेहऱ्याच्या सुरकुत्या, ओठ, गाल यासाठी बनवलेली असतात, हिरडीसाठी वापरणं हे लेबलबाहेरचं आहे. संमतीपत्रावर तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. याचे अभ्यास पण लहान लहान आहेत, २०१० मध्ये जो सुरुवातीचा अभ्यास आला त्यात ११ पेशंट आणि १४ फटी होत्या, एवढंच.

आता बॉक्स. फसगत इथे होते म्हणून सविस्तर लिहिते. सिरिंज साधारण १ मिलीची येते आणि एका फटीला ०.२ मिलीपेक्षाही कमी लागतं. मग उरलेलं कुठे जातं? उरलेलं टाकून द्यायचं असतं. एका पेशंटची उघडलेली सिरिंज दुसऱ्याला कधीच वापरायची नसते, आणि "तुमच्याच पुढच्या वेळेसाठी फ्रीजमध्ये ठेवतो" हे पण चालत नाही, उघडलेलं ते संपलं. म्हणून सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर एक्सपायरी, बॅच नंबर, आयातदाराचं नाव, इम्पोर्ट लायसन्स नंबर आणि एमआरपी असते. आत बॅच नंबरचे छोटे स्टिकर असतात, एक तुमच्या फाईलला लावून घ्या आणि फोटो काढा. माझ्या फाईलमध्ये तीन स्टिकर आहेत, तीन वेळेचे. कुणी एमआरपीच्या अर्ध्या किमतीत करून देतो म्हणालं तर बॉक्स बघायचा आग्रह दुप्पट करा.

सिलिकॉन किंवा "परमनंट" म्हणून काही देत असतील तर सरळ नाही म्हणा. हायल्युरॉनिकचा मोठा फायदा हाच की गडबड झाली तर हायल्युरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं. ते इंजेक्शन क्लिनिकमध्ये आत्ता, आज, ठेवलेलं आहे का हे विचारा. "मागवता येईल" हे उत्तर चालणार नाही.

पैशांचं: किंमत सिरिंजच्या ब्रँडवर आणि किती वेळा लागेल त्यावर ठरते, त्यामुळे एका सिटिंगचा आकडा ऐकून खूश होऊ नका, तिन्ही वेळचे मिळून आणि आधीच्या क्लिनिंगचे धरून लेखी घ्या. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दिसण्यासाठी केलेले उपचार बसत नाहीत.

७. त्या दिवशी काय होतं

सकाळी व्यवस्थित खाऊन जा, पोहे, उपमा काहीही, कारण भुलीनंतर दोन-तीन तास नीट खाता येत नाही. गेल्यावर औषधी पाण्याने चूळ भरायला लावतात, मग भूल. भुलीची सुई टोचते, बाकी काही नाही.

मग अगदी बारीक सुई, हिरडीच्या टोकाच्या २-३ मिमी मुळाच्या बाजूला. मॅडम थेंब थेंब सोडत होत्या, मध्ये थांबून बघत होत्या. आरशात मला ते गुलाबी टोक हळूहळू फुगताना दिसलं, आणि कडेला पांढरट झालं, माझ्या पोटात गोळाच आला. त्यांनी सुई लगेच बाहेर घेतली, बोटाने हलकेच दातांच्या टोकाच्या दिशेने मिनिटभर चोळलं, दाबून बघितलं रंग परत येतोय का, आला तेव्हाच पुढे गेल्या. पटापट एका दमात सगळं सोडून मोकळं होणारा डॉक्टर नको, हे मला तेव्हा कळलं. थोडी फिकी हिरडी भुलीतल्या औषधाने पण होते, पण ती सुरळीत होईपर्यंत खुर्चीतून उठू नका.

एकदाच घेऊन होत नाही, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ते तीनदा घेतात. आणि पहिल्या दिवशी जे भरलेलं दिसतं त्यात सूज असते, तो फोटो सगळ्यांना पाठवत सुटू नका, खरा निकाल दोन-तीन आठवड्यांनी.

८. घरी आल्यावर

पहिला दिवस तिथे ब्रश, फ्लॉस, टूथपिक काही नाही. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे. मऊ भात, वरण, गार दही, केळं. भाकरी, चिवडा, गरम चहा दुसऱ्या दिवशी. जिभेने आणि बोटाने चाचपत राहायचा मोह होतो, नको. सांगितलेली चूळ सांगितले तितकेच दिवस, क्लोरहेक्सिडिन, म्हणजे ते चुळीचं औषध, जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

थोडी सूज, दुखरेपणा, निळसर डाग एक-दोन दिवस चालतो. पण हे दिसलं तर वाट बघायची नाही, रात्र असो की रविवार:

- दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं
- हिरडी, ओठ किंवा नाकाच्या बाजूची कातडी पांढरी पडणं किंवा जाळीसारखी निळी-जांभळी दिसणं, म्हणजे रक्तपुरवठा अडला असू शकतो
- नजरेत काहीही फरक, मग थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी
- पू, ताप, पसरत जाणारी सूज

यासाठी डॉक्टरांचा स्वतःचा मोबाईल नंबर आधीच घ्या. रिसेप्शनचा नंबर रात्री कुणी उचलत नाही. फोन करताना फिलर घेतलंय, कोणतं आणि कधी, हे पहिल्याच वाक्यात सांगा, स्टिकरचा फोटो इथे पण उपयोगी पडतो.

९. किती टिकतं आणि नाही जमलं तर काय

शरीर ते हळूहळू शोषून घेतं. माझी मधली फट तिसऱ्या वेळेनंतर अर्ध्याहून जास्त भरली, पूर्ण नाही. नवव्या महिन्यात फोटो शेजारी ठेवून बघितले तर थोडी परत उघडलेली आहे. मला तेवढं चालतंय, पण परत परत घ्यावं लागेल हे धरूनच सुरुवात करा.

उजवीकडच्या ७ मिमीवाल्या फटीला मी काँपोझिट बाँडिंग करून घेतलं, म्हणजे दाताच्याच रंगाचं मटेरियल कडेला लावून दात थोडा रुंद करायचा, फट झाकली जाते, एका बैठकीत होतं. अलायनर अजून चालू असतील त्यांनी तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टशी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांशी, बोला, दातांच्या कडा अगदी किंचित घासून दोन दात जवळ आणले की टेकण्याचा बिंदू हिरडीकडे सरकतो, वर मोजलेलं अंतर तिथेच कमी होतं, सुई लागतच नाही कधीकधी. मला हे अलायनर संपल्यावर कळलं. टाळूची हिरडी घेऊन लावायचं ऑपरेशन पण असतं, पण दोन दातांमधल्या एवढ्याशा टोकाला रक्तपुरवठा कमी मिळतो म्हणून ते भरवशाचं नाही असं मला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलं.

१०. रोजचं

फ्लॉसच्या दोऱ्यापेक्षा अशा फटीला इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दोन दातांमधून घालायचा बारीक ब्रश, बरा, पण साईज डॉक्टरांकडून मोजून घ्या. मी आधी मेडिकलमधून अंदाजाने ०.७ मिमीचा आणला होता, तो ढकलून घालत होते आणि त्यानेच हिरडी परत दाबली जात होती. आता समोर ०.४, मागे ०.६. जोर न लावता जायला हवा, अडला तर एक साईज कमी. फिलर घेतल्यावर त्या जागी परत कधी सुरू करायचा ते डॉक्टर सांगतील, मला आठवड्याने सांगितलं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून एक फोटो काढते आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना ते सगळे दाखवते. मॅडम आधी फोटो बघतात, मग सळई हातात घेतात.